जीप मूळ रूपात आणायची, पण कुठल्या?

अमेरिकी लष्कराच्या दफ्तरात जीप ही मोटार नव्हती, ट्रक होता. ‘पाव टन, चार बाय चार’ अशी तिची नोंद. 1940 मध्ये लष्कराने अशा गाडीची मागणी केली आणि बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना बनवून दिला. मोठे काम मात्र विलीज आणि फोर्डला मिळाले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून 6 लाखांवर जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला बहुतांशी ट्रेलर आले.

यांतल्या बऱ्याच जीप ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आपल्याकडे उतरल्या. आसामातल्या लेडोहून निघालेला पहिला ताफा फेब्रुवारी 1945 मध्ये चीनच्या कुनमिंगला पोहोचला आणि त्यानंतर सहा-सात महिन्यांत युद्धच संपले. मागे राहिलेल्या गाड्या विकल्या गेल्या. ठेकेदार, मळेवाले, जमीनदार अशांकडे त्या गेल्या आणि त्यांच्याकडून मिस्त्रींच्या हाती आल्या.

इथून पुढचा इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो. जुन्या लष्करी गाड्यांच्या शौकिनांना नेमका तोच नको असतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ 1944 ची जीप नीट करून घेत आहेत. पुण्याजवळच्या एका शेडमध्ये तिची बॉडी चासीवरून उतरवून ठेवली आहे. मी तिथे दोन-तीनदा जाऊन बसलो. मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांचे वडीलही हेच काम करायचे, मुंबईत भेंडी बाजारात. त्यांनी मला ती गाडी अक्षरशः वाचून दाखवली.

या जीपच्या तळाला पत्र्याच्या पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात आणि कारखान्यात त्यांच्या आत लाकूड बसवलेले असे. लाकूड पाणी धरते, मग पत्रा आतून गंजत जातो. इथे कुणीतरी ते लाकूड कधीच काढून लोखंडी अँगल वेल्ड केलेला आहे. साठ हॉर्सपॉवरचे मूळ पेट्रोल इंजिन गेले, त्या जागी डिझेल इंजिन आले. सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आली. ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी उचलून दुसरीकडे नेली. मागचा भाग हातभर वाढवून समोरासमोर बाकडी टाकली, कारण मधली काही वर्षे ही गाडी वडापला होती. मागच्या पत्र्यावर रंगाच्या थरांखालून ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही अक्षरे अजून डोकावतात.

हे सगळे आता काढायचे आहे. फोर्ड आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठवत असे. मालकांना तसलेच बोल्ट हवेत आणि ते परदेशातून मागवले जात आहेत. मिस्त्री म्हणाले, “एफ असला काय न् नसला काय, आवळला की झालं ना!”

मालकांचा आग्रह निव्वळ हौसेचा आहे असे नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मग ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. हेतू चांगला आहे, पण अट जरा गमतीचीच म्हणायची. या जीपमध्ये फेरबदल झाले नसते, तर ती पन्नाशी गाठण्याआधीच भंगारात गेली असती. सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल परवडत नव्हते आणि गाडीला रोज पोट भरायचे होते.

जीपच्या भारतीय इतिहासात आणखी एक नाव आहे. 2 ऑक्टोबर 1945 ला स्थापन झालेली कंपनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होती. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद, अलीगढचे पदवीधर. सुरुवात पोलादाच्या व्यापाराने झाली. 1947 मध्ये गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. 1948 मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरे तीच राहिली. विलीजच्या जीपची जुळणी मुंबईत माझगावला होऊ लागली. नाव बदलले यात मला वावगे दिसत नाही, कारण भागीदार स्वतःच निघून गेला होता. पण फाळणीची गोष्ट निघाली की आपण गेलेल्या बड्या माणसांबद्दलच बोलतो. मिस्त्रींचे वडील गेले नाहीत. माझगावपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत ते लष्कराने टाकून दिलेल्या जीप पुन्हा चालत्या करत राहिले. त्यांच्या कामाची नोंद कुठे असेल तर ती या वेल्डमध्येच आहे.

मी मालकांना एवढेच सुचवले की बॉडी मूळ मापाची करा, तारा रंगवा, पण कापलेला भाग भंगारात घालू नका, आणि काढण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. फोटो त्यांनी घेतले. पत्रा ठेवायचा कुठे, असे म्हणाले. मिस्त्रींनी तो सध्या शेडच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला आहे, ताडपत्री टाकून.