सायकल पडद्यावर चोरीला गेली, नोकरी खरीच गेली

आज बोलूया इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकाबद्दल. आणि सोबत एका कामगाराबद्दलही, कारण त्याच्याशिवाय दे सिकाची गोष्ट पुरी होत नाही.

दे सिकाचा जन्म १९०१चा, सोरा गावातला. १९३०च्या दशकात तो इटलीचा लाडका हिरो होता. देखणा, गाणारा, प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत! १९४०पासून तो दिग्दर्शनही करू लागला. महायुद्ध संपलं तेव्हा देशात गरिबी होती, हाताला काम नव्हतं. दे सिका आणि लेखक चेझारे झावात्तिनी यांनी कॅमेरा थेट रस्त्यावर नेला.

१९४८ साली आला 'बायसिकल थीव्हज'. गोष्ट साधी आहे. एका बेकार माणसाला पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण अट एकच: सायकल हवी. बायको चादरी गहाण टाकते, आधीच गहाण पडलेली सायकल सोडवून आणतात, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप-लेक रोमभर तिला शोधत फिरतात.

या सिनेमाला पैसे द्यायला हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक तयार होता. फक्त हिरो कॅरी ग्रँट हवा! दे सिका नाही म्हणाला. स्वतः स्टार होता ना, स्टारचा चेहरा गरिबाच्या अंगावर कसा दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पैसे दुसरीकडून उभे केले आणि निवडला लांबेर्तो माज्जोरानी, ब्रेडा कारखान्यातला खराखुरा कामगार.

सिनेमाला मानद ऑस्कर मिळालं. आणि माज्जोरानीला? कारखान्यात कपात झाली, त्यात त्याची नोकरी गेली. 'याने सिनेमातून कमावलंय' असा हिशेब लावला गेला. मग गवंडीकाम, अधूनमधून छोट्या भूमिका. म्हणजे कारखान्याच्या लेखी तो नट झाला होता, आणि सिनेमावाल्यांच्या लेखी कामगारच राहिला. १९६२च्या पासोलिनीच्या 'मम्मा रोमा'त तो दिसतो हॉस्पिटलच्या खाटेवर. तिथे त्याचा रेडिओ चोरला जातो!

दे सिकालाही किंमत मोजावी लागलीच. १९५२चा 'उंबेर्तो डी' आपटला. देशाची गरिबी जगाला काय दाखवता, म्हणून सरकारातल्या आंद्रेओत्तींनी जाहीर कानउघाडणी केली. दे सिका दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं करून पैसे मिळवायचा आणि त्यातले बरेच जुगारात घालवायचा. तरी १९७४ साली तो गेला तेव्हा त्याच्या सिनेमांच्या नावावर, मानद धरून, परभाषा सिनेमांसाठीची ४ ऑस्कर होती.

आपल्याकडचा धागाही आहे. जानेवारी १९५२मध्ये मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे बिमल रॉयनी 'बायसिकल थीव्हज' पाहिला, आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला.

आता मोबाईलवर हा सिनेमा लावाल, तेव्हा शिडीवर उभं राहून पोस्टर चिकटवणारे ते हात नीट बघा. ते माज्जोरानीचे आहेत. भेटू पुढच्या भागात!