मर्सिडीजचा पट्टा

टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. १९६९ ला करार संपला, तोंडावरचा तारा गेला. आमच्या एरंडोलात मात्र त्या गाडीला पुढे कितीतरी वर्षं मर्सिडीजच म्हणत.

कापसाच्या दिवसात अशी जुनी गाडी बंद पडायची ती बहुधा पंख्याच्या पट्ट्यापायी. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप. पट्टा तुटला की पाणी उकळे, अन् भरलेला कापूस रस्त्यात अडके. पट्ट्यावरचा नंबर तर घासून गेलेला. मग पुल्यांभोवती सुतळी गुंडाळून माप घ्यायचं. गिरणीचा पट्टा लांबीला जुळे, रुंदीला नाही.

मिस्तरी म्हणे, "भाऊ, नवा पट्टा बी हाई पुली खाई टाकी." खरंच होतं. हा पट्टा खाचेच्या दोन्ही भिंती धरून चालतो. भिंती झिजल्या की तो तळाला टेकतो, घसरतो, जळतो. पट्टा कुठंही मिळे. जुन्या मॉडेलची पुली मिळणं कठीण. ती ट्रक मोडणाऱ्यांच्या ढिगात, हात काळे करून शोधायची. खाचेचा तळ चकाकत असला, तर तिथंच टाकून पुढची उचलायची.