मनातले देऊळ

टाळेबंदीच्या दिवसांत आमच्या एका सोबत्याच्या देवघरात दिव्यापुरतेही तेल उरले नव्हते. तो म्हणाला, "देव मनातच पुजतो." आम्हांस ती गरिबाची पळवाट वाटली. पुढे पोथ्या चाळल्या, तेव्हा चूक उमगली.

१२९० साली पुरी झालेल्या ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्याय उघडतो तोच मुळी हृदयाचा चौरंग मांडून त्यावर गुरूची पाउले बसवीत. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ सांगतात की, बाहेरची पूजा साधली नाही तरी मानसपूजा करावीच. नवख्याने आधी आसन, मग पाउले, मग पाणी, फूल असे चालावे. एक वस्तू स्पष्ट दिसल्यावाचून दुसरीकडे वळू नये.

फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी तिबेटावरील आपल्या १९२९ च्या ग्रंथात अशा मनोनिर्मित आकृतीची, 'तुल्पा'ची, हकीकत दिली आहे. त्यांनी ध्यानाने एक गुटगुटीत लामा उभा केला. तो पुढे अनावर झाला आणि त्यास विरवण्यास सहा महिने लागले, असे त्या लिहितात.

आपल्या पूजेत आवाहनाबरोबर विसर्जनही आहे, त्याचे मोल आम्हांस येथे कळले. मनात देऊळ जरूर बांधावे. पण त्याचे दार आपल्या हाती असावे. आमचा तो सोबती पूजा आटोपून रोज वेळेवर फाटकाशी उभा राही.