वजनापलीकडची मोजदाद

१८२३ साली डोबरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा तो हवेत आपोआप पेटला. प्लॅटिनम मात्र जसेच्या तसे राहिले. अशा शक्तीला बर्झेलियसने १८३५ मध्ये उत्प्रेरण हे नाव दिले. पुढे साबात्ये या फ्रेंच पंडिताने निकेलच्या साह्याने हायड्रोजनचा संयोग घडवून आणला व १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. १९३७ पासून घरोघर पोहोचलेला ‘डालडा’ हे याच विद्येचे फळ होय.

तथापि उत्प्रेरक धातूचे कार्य केवळ पृष्ठभागावर चालते. कणाच्या पोटातील अणू निष्क्रियच राहतात. म्हणून मौल्यवान धातू ॲल्युमिनासारख्या आधारावर सूक्ष्म कणांच्या रूपाने पसरतात. तो कितपत पसरला, हे तराजू कसे सांगणार? १९६० मध्ये स्पेनाडेल आणि बूदार यांनी ही मोजदाद हायड्रोजनकडूनच करवून घेतली. निर्वात नळीत मोजून वायू सोडावयाचा आणि दाब स्थिरावल्यावर उरलेला वजा करावयाचा. शोषलेल्या प्रत्येक रेणूचे दोन अणू होऊन ते पृष्ठावरील दोन प्लॅटिनम अणूंना जडतात. शंभर अणूंमागे पंचवीस रेणू शोषले गेले, तर पन्नास अणू कामाचे, पन्नास दडलेले.

पुण्यात १९५० साली उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांचे संशोधन रुजले. प्लॅटिनमसाठी परदेशाकडे पाहणाऱ्या देशाला हा हिशेब चुकवून चालणार नाही. कारण दडलेला प्रत्येक अणू म्हणजे वाया गेलेले परकीय चलनच होय.