दक्षिणा, वजीफा, शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा अर्ज कधी नीट वाचून पाहिला आहे का? तो कागदावरचा असो की हल्लीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा, विद्यार्थ्याला तो मुख्यतः दोनच गोष्टी विचारतो. एक, तुला किती येते? त्यासाठी गुणपत्रिका. दुसरी, तू कोणत्या घरातून आलास? त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पालकांचा व्यवसाय. आज हे दोन्ही प्रश्न एकाच अर्जावर शेजारी शेजारी नांदतात. पण त्यांच्यातला झगडा जुना आहे, आणि त्याची बरीचशी गोष्ट आपल्या पुण्यातच घडली आहे.

तिची सुरुवात होते श्रावणात. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि ती प्रथा पहिल्या बाजीरावाने पुण्यात आणली. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत. शास्त्रीमंडळी विद्वानांची परीक्षा घेत आणि विद्वत्तेप्रमाणे मान व दक्षिणा मिळे. बाकीच्यांना पर्वतीजवळच्या रमण्यात सरसकट वाटप होई. म्हणजे गुणवत्ता पाहिली जात होती, नाही असे नाही. पण परीक्षा कोणाची घ्यायची हे आधीच ठरलेले होते. ‘तू कोण?’ हा प्रश्न दारावर उभा होता. त्यातून सुटलेल्यालाच ‘तुला काय येते?’ असे विचारले जाई.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबाने मात्र दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक दुखावतील ही भीती होती. त्याने त्या रकमेतला काही भाग विद्येकडे वळवला, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळे. पुण्यातली सरकारी शिष्यवृत्ती म्हणतात ती हीच. पण प्रवेश ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच. दारावरचा पहारेकरी बदलला नव्हता.

त्याला पहिला धक्का दिला तो पुण्यातल्याच तरुणांनी. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या अंगावर कोणी जाऊ नये म्हणून जोतीराव फुले महार-मांग समाजातली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात येते. सरकारने काही रक्कम ग्रंथांसाठी बाजूला काढली आणि दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. पुढे १८५५ मध्ये जोतीरावांनी स्वतःचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांमुळे असे झाले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दार उघडले तरी आत बसलेली माणसे कोण, हा प्रश्न उरतोच.

दक्षिणेच्या त्याच पैशातून पुढे कॉलेजातल्या हुशार विद्यार्थ्यांसाठी दक्षिणा फेलोशिप निघाल्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. स्वतः पुढचा अभ्यास करायचा, खालच्या वर्गांना शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा रक्कम घ्यायची, अशी ती सोय. या दोघांची बुद्धी आणि त्यांनी पुढे केलेले काम पाहिले, तर तो पैसा सत्कारणी लागला यात शंका नाही. डेक्कन कॉलेजात शिकणारे आगरकर एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, ही आठवण महाराष्ट्राला ठाऊक आहे. गरिबी ब्राह्मण घरातही होती. पण त्या घरात पोथी होती, अक्षर होते, अभ्यास म्हणजे काय हे जाणणारे कोणीतरी होते.

नेमके हेच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात मांडले. चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्यायाचे दिसते, पण त्यामुळे इतर वर्गांत विद्या पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलेच नाही अशा वर्गांसाठी असाव्यात, असा त्यांचा आशय होता. माझ्या मते शिष्यवृत्तीच्या इतिहासातले हे मोठे वळण. ‘तू कोण?’ हाच जुना प्रश्न जोतीरावांनी उलटा केला. पेशवाईत तो बाहेर ठेवण्यासाठी विचारला जाई; आता तो आत घेण्यासाठी विचारायचा. याच आयोगाने मुसलमान विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्त्यांचीही शिफारस केली.

या विचाराचे फळ केवढे असू शकते, ते पाहायला जरा पुण्याबाहेर जावे लागते. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांची केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली. कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मिळाले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळाले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, तेव्हा हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते. एका विद्यार्थ्याचे २५ रुपये असे पिढ्यांना पुरले. पण मधले केळुसकर गुरुजी वगळून बघा. माहिती देणारा कोणी नसता तर?

आमच्या घरात शिष्यवृत्तीला वजीफा म्हणत. हा शब्द मोठा सुंदर आहे. वजीफा म्हणजे ठरलेले वेतन, आणि वजीफा म्हणजे रोज नेमाने करायचे पठणही. जो रोजचा नेम पाळतो त्याची रोजची भाकरी कोणीतरी सांभाळावी, एवढा अर्थ त्या एका शब्दात आहे. अब्बा भवानी पेठेत पत्र्याचे डबे बनवीत. मी बीएला होतो तेव्हा शिष्यवृत्तीची नोटीस कॉलेजच्या ऑफिसात, दाराआडच्या फळ्यावर लागलेली असे. मराठीच्या सरांनी वर्गात येऊन ती वाचून दाखवली नसती, तर आमच्यापैकी निम्म्यांना कळलेही नसते. पहिली रक्कम हाती आली तेव्हा अब्बांनी विचारले, “ये खैरात तो नहीं ना?” मी म्हटले, “नहीं अब्बा, नंबर आया है.” मग त्यांनी ते पैसे मोजले.

ही खैरात नव्हे, हे अजूनही सांगावे लागते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी योजना आल्या. त्यांतल्या एकीच्या नावातच गुणवत्ता आणि गरज दोन्ही जोडलेल्या होत्या. पण संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद करण्यात आली. म्हणजे दिलेले काढूनही घेतले जाते. दक्षिणेपासूनचा इतिहास हेच सांगतो, की ज्यांनी अर्ज केला, हुज्जत घातली, नाकारले तरी पुन्हा मागितले, त्यांच्यामुळेच ही वाट रुंद झाली.

म्हणून आज कॉलेजात असलेल्या मुलामुलींना एवढेच सांगेन. “मला काय मिळणार” म्हणून अर्ज सोडून देऊ नका. दाखले वेळेत काढा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. आणि मंजूर झाला तर मागच्या बाकावरच्या एकाला तरी त्याची माहिती द्या. केळुसकर गुरुजी प्रत्येकाच्या नशिबी नसतात. पण एकमेकांचे केळुसकर होणे आपल्या हातात आहे.