वर्ध्याचा भाडेकरू आणि नागपूरचा आदेश

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. घरभाड्याचा कायदा मात्र नागपूरचाच राहिला. मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश वर्ध्यात पुढे चार दशकांहून अधिक काळ चालला.

त्याचे मर्म तेराव्या कलमात होते. भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीच घरमालकाला भाडेनियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे. थकबाकी असो वा स्वतःची निकड, कारण तेथे सिद्ध करायचे. मग नोटीस, मग दिवाणी दावा. एका घरासाठी दोन लढाया! भाडेकरूला याहून भक्कम कवच क्वचितच मिळाले असेल; पण एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा मालकिणीलाही तोच अडसर होता. घर रिकामे झाले तरी प्रशासनाला कळवणे बंधनकारक. ते सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला दिले जाऊ शके. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत हे समजण्याजोगे होते.

मुंबईचा कायदा निराळा. तेथील भाडी १९४० च्या पातळीवर गोठली होती. ती तरतूद आता वाजवी उरलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले.

३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच अधिनियम आला : भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ, आणि विदर्भातील परवानगीची पायरी रद्द. आधीची प्रलंबित प्रकरणे मात्र जुन्याच आदेशाखाली चालू राहिली.