गोंदियाची नऊ मिनिटं

नकाशावर मद्रासपासून सरळ उत्तरेकडे रेघ ओढत न्या. खम्मम लागतं, एटापल्ली-कुरखेड्याचं जंगल लागतं, आणि मग ती रेघ गोंदियाला पोचते. दोन्ही गावांचा रेखांश जवळजवळ एकच, 80.2 अंश. मद्रासला दिवस मध्यावर आला की गोंदियालाही तो मध्यावर येतो. फरक पडला तर काही सेकंदांचा. माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत छोट्या लायनीवर तारबाबू होते. रेखांशाचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही, पण सांगायचे, "आपला अन् मद्रासचा टाइम एकच होता बापा. मंग तो बदलवला."

त्यांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. पुष्कळ वर्षांनी मी ते पडताळून पाहिलं, तेव्हा म्हाताऱ्यांची आठवण किती पक्की होती ते कळलं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात गावोगावची वेळ वेगळी होती. मुंबईचं घड्याळ मद्रासच्या मागे अर्धा तास, कलकत्त्याचं पुढे बत्तीस मिनिटं. रेल्वेला असं चालणार नव्हतं. मद्रासला 1792 पासूनची वेधशाळा होती आणि ते शहर दोन टोकांच्या साधारण मधल्या वेळेवर होतं, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली आणि ती तारेवरून देशभर पाठवली. मुंबईकराला आणि कलकत्तेकराला ती परकी वाटली असणार. गोंदियाला मात्र रूळ आले तेव्हा स्टेशनावरचं घड्याळ आणि गावाच्या डोक्यावरचा सूर्य यांचं, वर्षाची सरासरी धरली तर, आपसूक जुळलं होतं. पुढे 1 जानेवारी 1906 पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून सगळ्या देशाची प्रमाणवेळ ठरली. गोंदियाचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे गेलं. सूर्य होता तिथेच राहिला.

ही नऊ मिनिटं आमच्या घरात रामनवमीला जाणवायची. रामजन्म दुपारचा. देवळातले जुने पुजारी अंगणातल्या खांबाची सावली बघत, ती सर्वांत आखूड झाली की गुलाल उधळत. तरुण मंडळी मनगटाकडे बघून बाराला घाई करत. एप्रिलच्या मध्याला गोंदियात खरी मध्यान्ह बारा वाजून नऊ मिनिटांनी होते, त्यामुळे पुजाऱ्यांची सावली चुकलेली नसायची. आजोबा रेल्वेचे नोकर असून या एका बाबतीत सावलीच्या बाजूचे. एरवी त्यांच्या लेखी स्टेशनचं घड्याळ म्हणजे धर्म होता.

तो धर्म रोज दुपारी चार वाजता पाळला जाई. रेल्वेच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं आहे की प्रमाणवेळ रोज 16 वाजता मुख्य स्टेशनांना कळवायची. आजोबांच्या काळी ती तारेवरून येई. चार वाजायला आले की इतर तारा थांबत, बोट यंत्रावरून उचललं जाई आणि ते नुसते ऐकत बसत. इशारा पडला की आधी स्टेशनचं घड्याळ, मग पुढची लहान स्टेशनं. बालाघाटकडे जाणारी छोटी लाइन, नागभीडकडे जाणारी दुसरी, आणि मधून हावडा-मुंबईची मोठी. गाडी सुटण्याआधी गार्ड स्टेशनच्या घड्याळावर आपलं घड्याळ लावी आणि ड्रायव्हरला वेळ सांगे. ड्रायव्हर त्यावर आपलं लावी. एकेरी रुळावर समोरासमोरून गाड्या येतात, तिथे दोन माणसांच्या खिशात एकच वेळ असणं हा जिवाचा प्रश्न होता.

आणि ती वेळ रेल्वेपुरती राहत नसे. स्टेशनातून ती हमालांबरोबर, बंडीवाल्यांबरोबर, तेंदूपत्त्याच्या व्यापाऱ्यांबरोबर गावात जाई. धानाच्या गिरणीचा भोंगा त्यावर लागे, भोंग्यावर शाळेची घंटा लागे, आणि आठवडी बाजाराहून परतणारा माणूस ती आपल्या गावी नेई. तिथे पोचेस्तोवर ती पाच-दहा मिनिटं हललेली असे, पण कुणी विचारलं, "कितीक वाजले जी?" तर सांगणारा स्टेशनची साक्ष देऊनच सांगे. बरोबर वेळ ज्याच्याजवळ आहे त्याने ती मागणाऱ्याला द्यायची, हे आमच्याकडे पाण्यासारखंच मानलं जाई.

लढाईच्या काळातली हकीकत मोठ्या आत्याची. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी 1940 मध्ये विमानांची धावपट्टी केली होती. 1 सप्टेंबर 1942 ला सरकारने देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं, ते 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत तसंच होतं. आत्या तेव्हा शाळेत. हिवाळ्यात अंधारातच उठून निघावं लागे, दारात शेकोटी पेटवून मुली एकमेकींची वाट बघत. लग्नपत्रिकेत मुहूर्ताशेजारी 'नवी वेळ' की 'जुनी वेळ' हे लिहावं लागे, नाहीतर अर्धी वरात तासभर आधी हजर. आत्याच्या आईने यावर आपला उपाय काढला होता: मुलींची लग्नं गोरज मुहूर्तावर. गाई रानातून परतल्या, धूळ उडाली, की अंतरपाट धरायचा. गाईंना सरकारी हुकूम लागू नव्हता.

शेतातली वेळ तर त्याहून वेगळी. आमच्या भागात धानाला मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, पाणी. सप्टेंबरअखेर पाऊस ओढला की बांध्यांना पाळीने पाणी सोडत, आणि पाळी रात्रीही चाले. किती वेळ कुणाचं पाणी, हे आकाश बघून ठरे. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, किती वर आलं. अश्विनाच्या सुरुवातीला तिकांडं मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतं आणि रोज चार मिनिटं लवकर उगवतं, म्हणजे महिन्याला दोन तास. हा हिशेब निरक्षर माणसांना तोंडपाठ होता. पण ढग आले की तारे जात आणि भांडणं येत. एका पाळीवरून दोन भाऊ आयुष्यभर अबोल राहिल्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात.

त्या बांधावर घड्याळ आणि रेडिओ दोन्ही आणले ते माझ्या मामांनी. मामा खेड्यावर मास्तर होते. नागपूर आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं, पण वीज नसलेल्या गावात रेडिओ खऱ्या अर्थाने शिरला तो ट्रान्झिस्टर आल्यावर. मामांनी पगारातून एक घेतला, पोस्टात जाऊन त्याचं लायसन काढलं आणि त्याला कातडी पिशवी शिवून घेतली. तेव्हाचं चावीचं घड्याळ दिवसाला दोन-चार मिनिटं इकडेतिकडे व्हायचंच. म्हणून रोज सकाळी आठच्या बातम्यांआधी मामा घड्याळाचा खटका ओढून काटा थांबवून धरत. रेडिओवर ठोके पडत, शेवटचा ठोका पडला की खटका आत. पडवीत तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, लहान मूल रडलं तर त्याला मागच्या दारी नेत. मग शाळेची घंटा त्या वेळेवर होई. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या गावचे मास्तर सायकलवरून येऊन घड्याळ लावून जात. पाण्याच्या पाळीलाही मामांचं घड्याळ कंदिलाशेजारी ठेवू लागले आणि तंटे कमी झाले, असं मामी अभिमानाने सांगायच्या.

मामा नुसते ठोके ऐकून थांबणारे नव्हते. रात्री शॉर्टवेव्हवर काटा अगदी हळू फिरवून ते एक टिकटिक शोधत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं ते प्रक्षेपण, एटीए नावाचं, 1959 पासूनचं. 5, 10 आणि 15 मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला एक टिक. गाणं नाही, बातमी नाही. मी लहानपणी विचारलं, यात ऐकायचं काय? ते म्हणाले, "हे पूर्ण देशाचं घड्याळ आहे. तुले त्याच्या छातीचे ठोके ऐकू येऊन राहिले." दिल्ली ते गोंदिया नऊशेच्या आसपास किलोमीटर, रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. म्हणजे तो ठोका आमच्या पडवीत तीन-चार सहस्रांश सेकंदात पोचत होता. स्टेशनची वेळ खेड्यावर यायला अर्धा दिवस लागायचा आणि वाटेत बिघडायची. रेडिओने ते अंतरच पुसलं. आमच्या भागात रेडिओने काय दिलं असं विचारलं तर लोक गाणी सांगतील, शेतीचे कार्यक्रम सांगतील. मी आधी हे सांगेन. साहेबाच्या कचेरीतली आणि शेवटच्या टोल्यावरची, म्हणजे शेवटच्या वस्तीवरची, वेळ पहिल्यांदा सारखी झाली.

टेलिफोनची वेळ मी पहिल्यांदा मुंबईला मावशीकडे ऐकली. 174 फिरवलं की आवाज तास, मिनिटं सांगत राही. पॅरिसच्या वेधशाळेने 1933 मध्ये अशी सोय पहिल्यांदा केली, कारण वेळ विचारणाऱ्यांनी तिची लाइन सतत अडलेली असे. आमच्याकडे एक्सचेंजमध्ये माणूस बसलेला, त्यामुळे वेळही माणसालाच विचारायची. ट्रंक कॉल लागला की मधे ऑपरेटरचा आवाज येई, तीन मिनिटं झाली. तीन मिनिटं म्हणजे किती, हे माझ्या आईच्या पिढीला मामांच्या घड्याळापेक्षा त्या आवाजाने जास्त नीट शिकवलं. आजोबा गेल्याची बातमी मावशीला कळवताना आईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि उरलेला वेळ दोघी नुसत्या रडल्या. ऑपरेटरने तेव्हा मधे बोलायचं टाळलं. किती वेळ टाळलं ते कुणी मोजलं नाही. नंतर एसटीडीचे बूथ आले. रात्री दर उतरायचा, तेव्हा बाहेर रांगेत उभे लोक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे.

आता मोबाइलमध्ये वेळ आपोआप लागते. देशाची वेळ दिल्लीच्या त्याच प्रयोगशाळेत सीझियमच्या घड्याळांवर राखतात. सीझियमच्या 9 अब्ज 19 कोटी 26 लाख 31 हजार 770 आवर्तनांचा एक सेकंद. अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी अशा पाच ठिकाणांहून ती वेळ देशभर पोचवायची योजना आहे. एटीएची टिकटिक बंद झाली.

मामा आता थकले आहेत. माझ्या भाच्याने त्यांच्या फोनवर आकाशवाणीचं अ‍ॅप घालून दिलं, तेव्हा त्यांनी उशाशी ट्रान्झिस्टर लावला आणि दोन्ही एकदम ऐकले. ट्रान्झिस्टरवर ठोके पडून गेले, बातम्या सुरू झाल्या, आणि मग कुठे फोनमधून ठोके आले. आवाज तुकडे करून, साठवून पाठवतात, म्हणून त्याला उशीर होतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते लगेच कळलं. फोनवर गाणी ऐकायची, घड्याळ त्यावर लावायचं नाही, असं त्यांनी नातवांना सांगितलं, आणि मला बाजारातून चार सेल आणायला पाठवलं.